होडीच्या तळाची निगा आणि खाडीचे ऋण

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. माशांना अंडी घालण्यास आणि पिल्लांना वाढण्यास अवधी मिळावा, तसेच खवळलेल्या दर्यात जीवितहानी टळावी, हा ह्या बंदीचा हेतू होय. ह्या काळात पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा आणि शेजारच्या उत्तनपर्यंतच्या किनाऱ्यावर झापांनी अथवा ताडपत्र्यांनी शाकारलेल्या होड्या ओळीने उभ्या दिसतात. दर्या विश्रांती घेत असतो. नाखवा मात्र घेत नाही. जाळी विणणे, इंजिन उघडणे आणि होडीचा तळ दुरुस्त करून रंगविणे ही कामे त्याला ह्याच दोन महिन्यांत उरकावी लागतात.

ह्या कामांपैकी तळाचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत अदृश्य असते. होडीच्या काठावरील नाव, क्रॉसचे चिन्ह, रंगीत पट्टे, पताका हे सारे लोकांना दिसते. तळ दिसत नाही. परंतु पुढील दहा महिने कुटुंबाचे पोट आणि खलाशांचे प्राण त्याच्यावरच अवलंबून असतात. शिवाय तळाला लावलेला रंग केवळ होडीपुरता राहत नाही. तो हळूहळू पाण्यात उतरतो आणि ज्या खाडीतून आपण कालवे, शिवल्या नि कोळंबी आणतो, त्याच खाडीच्या गाळात जाऊन बसतो. म्हणून तळाची निगा हे दुहेरी कर्तव्य आहे: होडीला दर्यापासून राखणे आणि दर्याला होडीपासून राखणे. ह्या दोन्ही बाजूंची ओळख करून देण्याचा ह्या लेखाचा प्रयत्न आहे.

पाण्याखाली काय घडते?

स्वच्छ फळी समुद्रात उतरली की काही मिनिटांतच तिच्यावर पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू आणि नंतर सूक्ष्म वनस्पती वस्ती करतात. हाताला लागणारा बुळबुळीत थर तो हाच. त्याच्या पाठोपाठ शेवाळाचे बीज येते, आणि मग येतात कठीण कवचाचे जीव. त्यांत बार्नेकल हा मुख्य. तळाला पांढऱ्या, खरबरीत, लहानशा ज्वालामुखीच्या आकाराचे जे कवच चिकटलेले दिसते, ते त्याचेच. त्याला शिंपल्याचा भाऊबंद समजण्याचा प्रघात असला तरी तो खरे पाहता कोळंबी आणि खेकड्यांच्या कुळातला आहे. त्याचे सूक्ष्म पिल्लू पाण्यातून तरंगत येते, पृष्ठभागावर चाचपडत योग्य जागा शोधते, आणि जागा पसंत पडली की डोके खाली करून स्वतःच तयार केलेल्या सिमेंटसारख्या द्रव्याने तेथे जन्माचे चिकटते. मग कवचाच्या दारातून पाय बाहेर काढून पाण्यातले अन्न गोळा करीत तो आयुष्य काढतो.

ह्या भाडेकरूंचा बोजा नाखव्याच्या खिशावर पडतो. खडबडीत तळ पाण्याला अडवतो, होडी जड होते, आणि तोच वेग राखण्यासाठी इंजिनाला अधिक डिझेल जाळावे लागते. अमेरिकेतील संशोधक मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली एका युद्धनौकेच्या आकारमानावर हा हिशेब मांडला. दाट बुळबुळीत थरानेच लागणारी शक्ती सुमारे २१ टक्क्यांनी वाढते, तर कठीण कवचांचा जाड थर बसल्यास ती सुमारे ८६ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. आपली होडी आणि युद्धनौका यांत अर्थातच फार अंतर आहे, त्यामुळे हेच आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण नियम तोच आहे. डिझेल हा ज्या धंद्यातील मोठा खर्च आहे, तेथे अस्वच्छ तळ म्हणजे दर फेरीला नकळत भरलेला दंड होय.

लाकडाला ह्याहून मोठा शत्रू दुसराच आहे. त्याला शास्त्रज्ञ टेरेडो म्हणतात. दिसायला तो लांबट अळीसारखा असतो, पण जातीने तो शिंपल्यांच्या कुळातला आहे. त्याचे पिल्लू टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून लाकडात शिरते आणि आत गेल्यावर वाढत वाढत लाकूड पोखरते. बाहेरचे छिद्र लहानच राहते. त्यामुळे वरून धडधाकट दिसणारी फळी आतून पोळ्यासारखी पोकळ झालेली असू शकते, आणि हे उधाणाच्या लाटेत ती मोडते तेव्हा कळते. ह्या किडीबद्दल एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. तिला शिरण्यासाठी उघडे लाकूड लागते. ज्या फळीवर रंगाचा अथवा तेलाचा थर अखंड आहे, तेथे तिला दार मिळत नाही. एका दगडाने खरवडलेली हाताच्या तळव्याएवढी जागाही तिला पुरते. म्हणूनच जुने तांडेल सांगत आले की तळाला ओरखडा गेला तर तो हंगाम संपेपर्यंत ठेवू नये.

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढण्याच्या प्रथेला येथे आणखी एक अर्थ प्राप्त होतो. टेरेडो आपल्या बिळाचे तोंड बंद करून पाण्याबाहेर काही आठवडे तग धरू शकतो, पण दीर्घकाळ खारे पाणी न मिळाल्यास तो मरतो. दोन महिन्यांचा मुक्काम हा केवळ खलाशांचाच नव्हे, तर फळ्यांचाही उपचार आहे.

पूर्वजांचे उपाय आणि तांब्याचा धडा

समुद्रात लाकूड घालणाऱ्या प्रत्येक समाजाने ह्या प्रश्नावर उपाय शोधले. बायबलमध्ये नोहाला तारू बांधण्याची आज्ञा होते, तेव्हा त्याला ते आतून आणि बाहेरून डांबराने लिंपावयासही सांगितले जाते (उत्पत्ती ६:१४). अरबी समुद्राच्या काठी चुना आणि चरबी यांचा लेप, मुशीच्या यकृताचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल, राळ आणि डांबर हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. पोर्तुगीज काळात वसई आणि आगाशी ही जहाजबांधणीची केंद्रे होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती तर दूरवर गेली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. सागवानातील नैसर्गिक तेलामुळे ते लाकूड कुजण्यास आणि किडीस पुष्कळ विरोध करते. तथापि संपूर्ण संरक्षण तेही देत नाही.

आज आपण जो तांबूस रंग तळाला लावतो, त्यामागील विचार समजण्यासाठी अठराव्या शतकातील एक प्रयोग पाहणे उपयुक्त ठरेल. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ ह्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. सुमारे दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा कीड आणि शेवाळ यांच्यापासून तळ उत्तम राखला गेल्याचे दिसले. परंतु पत्रे बसविणारे लोखंडी खिळे जागोजागी विरघळून गेले होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना भिडले की त्यांतील एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे त्यामागील कारण. विशेष म्हणजे ज्या ठिकाणी पत्र्यांच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून खिळ्यांजवळ राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. एका कागदाने दोन धातूंना वेगळे ठेवले होते.

पुढे १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांनी जहाजाच्या तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. अपेक्षेप्रमाणे ते तुकडे झिजले आणि तांबे सुरक्षित राहिले. पण एक अनपेक्षित गोष्टही घडली: सुरक्षित राहिलेल्या तांब्यावर शेवाळ आणि कवचे भरभरून वाढली. तांबे झिजत होते, तोपर्यंतच ते जिवांना दूर ठेवत होते. त्याचे झिजणे हाच त्याचा गुण होता.

हा धडा ध्यानी ठेवला की अँटीफाउलिंग रंगाचे कार्य उलगडते. ह्या रंगात बहुधा तांब्याचे ऑक्साइड असते. ते थेंबाथेंबाने पाण्यात विरघळते आणि तळाभोवती एक पातळ विषारी वेष्टन तयार करते. रंग ‘संपतो’ म्हणजे त्यातील विष संपते. मग संपलेले ते तांबे जाते कोठे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याकडे आपण पुढे येऊच.

तळाच्या कामाचा क्रम

होडी उधाणाच्या भरतीला वर घ्यावी आणि ती मुख्यतः पठाणावर, अर्थात तळाच्या कण्यावर, टेकलेली राहील अशा बेताने खाली ओंडके द्यावेत. बाजूचे टेकू होडी कलू नये एवढ्यापुरतेच असावेत. सारा भार त्यांवर आल्यास फळ्या वाकतात.

धुणे आणि खरवडणे त्याच दिवशी सुरू करावे. ओले असताना बार्नेकल पुष्कळ सहज निघतात. एकदा उन्हात वाळले की त्यांची बैठक दगडासारखी होते आणि ती काढताना लाकूडही सोलले जाते. खरवडणीच्या हत्याराचे कोपरे घासून गोल करावेत, म्हणजे फळीत चरे पडत नाहीत. शेवटी संपूर्ण तळ गोड्या पाण्याने धुवावा, कारण रंगाखाली राहिलेले मीठ पुढे ओलावा ओढून घेते आणि रंगाला फुगे आणते.

नंतर तपासणी. हातोडीच्या दांड्याने फळी ठोकत जावी. निरोगी लाकडाचा आवाज टणक असतो, पोखरलेल्याचा भद्द. संशय येईल तेथे दाभण टोचून पाहावे. पठाण, नाळेचा खालचा भाग, सुकाणूची बैठक आणि इंजिनाच्या पंख्याभोवतालची जागा ह्या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. खिळ्याभोवती तांबडा-काळा डाग उतरलेला असेल, तर आतले लोखंड गंजत आहे असे समजावे. नुसता रंग फासून तो डाग झाकणे म्हणजे दुखणे झाकणे होय. पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवलेले असतात. डेव्ही यांच्या प्रयोगातील तुकड्यांचे हे वंशज. ते झिजावेत म्हणूनच असतात. निम्मे झिजले की बदलावेत, आणि त्यांवर रंग कधीही लावू नये. रंगवलेला जस्ताचा ठोकळा झिजत नाही, आणि मग त्याच्याऐवजी पंखा झिजतो.

आतील बाजूसही तितकीच दक्षता हवी. खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्याने लाकूड लवकर कुजते. म्हणून होडी शाकारताना पाणी आत साचणार नाही आणि तरीही वारा खेळता राहील, अशी दोन्ही टोकांना वाट ठेवावी. तळाचे बूच काढून ठेवावे. ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळल्यास आत दमट भट्टी तयार होते आणि बुरशीला रान मोकळे मिळते.

फळ्यांच्या सांध्यांतील जुने, सैल झालेले सूत काढून नवे ठोकावे आणि वरून लांबी भरावी. वाळलेले लाकूड पाण्यात गेल्यावर फुगते, हे येथे विसरू नये. सुकलेल्या सांध्यात कठीण होणारी लांबी ठासून भरल्यास फळी फुगताना एक तर लांबी बाहेर फेकली जाते अथवा खिळ्यांवर ताण येतो. सांध्यांसाठी लवचिक राहणारीच लांबी योग्य.

रंगकामात खरी अडचण असते ती आपल्या हवेची. जुलैच्या दमट हवेत वरून कोरडी वाटणारी फळी आतून ओली असते. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा फळीवर चारही कडांनी चिकटपट्टीने रात्रभर लावून ठेवावा. सकाळी त्याच्या आतील बाजूस पाण्याचे कण दिसले, तर फळी अजून रंगास तयार नाही. तसेच पृष्ठभागाचे तापमान हवेतील दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने अधिक असल्याशिवाय रंग लावू नये, असा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. साध्या भाषेत सांगावयाचे तर पहाटे, संध्याकाळी आणि सर येऊन गेल्यावर लगेच रंगकाम टाळावे. उघडिपीच्या दिवशी दुपारपूर्वी ते करावे.

प्रथम उघड्या जागेवर प्रायमर द्यावा. ‘अलार्म’ जहाजावरील तपकिरी कागदाने जे काम चुकून केले, तेच प्रायमर हेतुपूर्वक करतो: तो लोखंडाला तांब्यापासून वेगळे ठेवतो. लोखंडी भागावर तांबेयुक्त रंग थेट लावला तर गंज वाढतो, आणि अ‍ॅल्युमिनियमवर तर तो लावूच नये. त्यानंतर अँटीफाउलिंग रंगाचे थर द्यावेत. तांबे जड असल्याने ते डब्याच्या बुडाशी बसते. डबा तळापासून ढवळला नाही, तर पहिल्या होडीला नुसते तेल आणि शेवटच्या होडीला सारे तांबे, असा प्रकार होतो. रंग पुरवण्यासाठी त्यात भरमसाट थिनर ओतणे ही खोटी काटकसर आहे, कारण आयुष्य थराच्या जाडीवर ठरते. पाण्याची रेषा, नाळ, सुकाणू आणि पठाणाची कड येथे पाण्याचा मारा अधिक असतो, म्हणून तेथे एक थर जास्त द्यावा. ओंडक्यांखालची जागा विसरली जाते. टेकू सरकवून तीही रंगवावी. टेरेडोला नेमकी तीच जागा सापडते. दोन थरांमधील आणि शेवटचा थर व होडी पाण्यात उतरवणे यांमधील वेळ डब्यावर छापलेला असतो. तो पाळावा.

फायबरच्या होड्यांना कीड लागत नाही, म्हणून त्यांच्या तळाची चिंता नको, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बार्नेकल त्यांनाही चिकटतात. शिवाय फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरातून पाणी हळूहळू आत झिरपून फोड येऊ शकतात. असे फोड उघडून, धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरावे लागतात. बार्नेकल काढताना पटाशी जोरात मारल्यास हाच संरक्षक थर फुटतो, आणि पाण्याला वाट मिळते.

विरघळलेले तांबे जाते कोठे?

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे वळू. रंगातले विष होडीपाशी थांबत नाही, हे जगाला एका कटू अनुभवाने शिकवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रायब्युटिलटिन, संक्षेपाने टीबीटी, हे कथिलाचे संयुग असलेले रंग जगभर लोकप्रिय झाले. ते अत्यंत प्रभावी होते. तळ वर्षानुवर्षे स्वच्छ राहत असे. पण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांची शेती कोसळू लागली. कालवांची पिल्ले जगेनात, आणि मोठ्या कालवांची शिंपले विचित्र जाड होऊ लागली. दोष जवळच नांगरलेल्या हौशी होड्यांच्या रंगाचा आहे असे निष्पन्न झाले, आणि १९८२ साली फ्रान्सने लहान नौकांवर ह्या रंगास बंदी केली. पुढे असेही आढळले की एका लिटर पाण्यात एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके टीबीटीही काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांत नराची इंद्रिये निर्माण करते आणि त्यांचे प्रजनन थांबवते. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ह्या रंगांविरुद्ध करार केला, आणि तो २००८ साली अमलात आला. सायब्युट्रिन नावाच्या आणखी एका द्रव्यावर २०२३ पासून त्याच करारान्वये बंदी आली.

आज वापरात असलेले तांबे टीबीटीइतके घातक नाही. पण ते निरुपद्रवीही नाही. सर्वाधिक धोका असतो तो शिंपल्यांच्या, खेकड्यांच्या आणि माशांच्या नवजात पिल्लांना. आणि आपल्या खाड्या, तिवरांची बने ही तर त्यांची पाळणाघरे आहेत. मोठी कालवे तांबे अंगात साठवतात. अशा कालवांना हिरवट झाक येते आणि चव धातूसारखी लागते.

पाण्यात थेंबाथेंबाने उतरणाऱ्या तांब्यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो खरवडलेल्या रंगाचा. वर्षभराचे उरलेले विष एकाच दिवशी, एकाच ठिकाणी, भुकटीच्या रूपात वाळूवर पडते. पहिल्याच मोठ्या भरतीला ते खाडीत जाते. ज्या किनाऱ्यावर अनेक होड्या शेजारी शेजारी घासल्या जातात, तेथील गाळात ते वर्षामागून वर्ष साठत राहते. आणि त्या गाळात, त्या खडकांवर ओहोटीच्या वेळी कोण जाते? कोयती आणि टोपली घेऊन आपल्याच कोळीवाड्यातील माता-भगिनी जातात. कालवे फोडून, शिवल्या वेचून बंदीच्या महिन्यांत घर चालविण्याचा भार पुष्कळदा त्यांच्यावरच असतो. म्हणजे मुलाच्या होडीचा तळ आणि आईची टोपली एकाच पाण्याने जोडलेली आहेत.

घासणाऱ्याच्या फुप्फुसांचाही विचार हवा. कोरड्या पॉलिश पेपरने अथवा मशीनने तळ घासताना उडणारी तांबडी धूळ विषारी असते. जुन्या होड्यांच्या लोखंडी भागांवर पूर्वी शिशाचा तांबडा रंग, म्हणजेच शेंदूर, लावला जात असे. आपल्या देशात घरगुती आणि शोभेच्या रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. पण ती मर्यादा घरगुती रंगांपुरती आहे, आणि जुने थर तर नियमाच्या आधीचेच. तोंडाला फडके बांधून ही धूळ अडत नाही. योग्य मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात मोजे घालावेत, आणि लहान मुलांना होडीखाली खेळू देऊ नये.

आपण काय करू शकतो?

उपाय फार खर्चाचे नाहीत; सवयीचे आहेत.

घासकामाआधी होडीखाली जुनी ताडपत्री पसरावी. तळ ओला करून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. दिवसाअखेर, भरती येण्यापूर्वी, सारा चोथा झाडून गोणीत भरावा. रंगाचे रिकामे डबे, ब्रश आणि उरलेला थिनर वाळूत पुरू नये, जाळू नये अथवा खाडीत टाकू नये. एकेका नाखव्याने ह्या कचऱ्याचे करावे काय, हा प्रश्न रास्त आहे. तेथे मच्छीमार सहकारी संस्था पुढाकार घेऊ शकतात. घासकामासाठी भरतीच्या रेषेवर एक सामाईक जागा, दोन मोठी पिंपे, आणि हंगामाच्या शेवटी घातक कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे ती सोपविण्याची व्यवस्था, एवढ्यानेही मोठा फरक पडेल. महापालिकेकडे एकट्याने गेलेला अर्ज मागे पडतो. संस्थेचा ठराव सहसा पडत नाही.

होडी पाण्यात असताना ओहोटीला तळ घासण्याची सवय टाळावी. मऊ रंगाचा तळ घासला की त्यातील तांबे एकदम पाण्यात जाते आणि रंगही लवकर संपतो. नुसता बुळबुळीत थर काढावयाचा असल्यास मऊ स्पंज पुरे. गरजेपेक्षा जास्त विषारी रंग लावू नये. जी होडी रोज चालते आणि ओहोटीला कोरडी पडते, तिच्यावर जीव कमी बसतात. तिला महिनोन्‌महिने पाण्यात राहणाऱ्या मोठ्या नौकेइतका कडक रंग लागत नाही. विषाशिवाय केवळ गुळगुळीतपणावर चालणारे सिलिकोनचे रंगही आता उपलब्ध आहेत. ते महाग असून वेगाने जाणाऱ्या नौकांवर अधिक उपयुक्त ठरतात, म्हणून लहान लाकडी होड्यांसाठी ते आज सोयीचे नाहीत. पण पुढे नवी नौका बांधणाऱ्यांनी त्यांची चौकशी अवश्य करावी.

श्रद्धेचा भाग

जुलै महिन्याचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा ‘सागर रविवार’ म्हणून पाळते. दर्यावर श्रम करणाऱ्या सर्वांसाठी त्या दिवशी प्रार्थना केली जाते. खलाशांच्या सेवेसाठी १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले प्रेषितकार्य आज ‘स्टेला मारिस’, अर्थात सागरतारा, ह्या मरियामातेच्या नावाने जगभर चालते. आपल्या किनाऱ्यावर हा रविवार नेमका अशा वेळी येतो, जेव्हा होड्या जमिनीवर असतात आणि त्यांचे तळ उघडे असतात. त्या दिवशीच्या मिस्सेत आपण खलाशांच्या सुरक्षिततेसाठी प्रार्थना करतो. त्याच आठवड्यात किनाऱ्यावरील रंगाचा चोथा गोळा करण्यासाठी युवकांनी तासभर दिला, तर त्या प्रार्थनेला हातांची जोड मिळेल.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात निसर्गाच्या हानीचा पहिला घाव गरिबांवर पडतो, हे आवर्जून मांडले, आणि तेथे लहान मच्छीमार समाजांचाही उल्लेख केला. दर्या दूषित करणारे कारखाने, सांडपाणी आणि मोठमोठी जहाजे ह्यांच्या तुलनेत एका होडीचा रंग तो किती, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. कोळी बांधव प्रदूषणाचे कर्ते कमी आणि बळी अधिक आहेत. तथापि कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध न्याय मागताना आपला स्वतःचा किनारा स्वच्छ असणे, हे त्या मागणीला बळ देणारेच ठरेल.

हंगामाच्या आरंभी धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात, तेव्हा पवित्र पाणी नाळेवर शिंपडले जाते आणि तेथून ओघळत तळाकडे, वाळूकडे, दर्याकडे जाते. त्या आशीर्वादात होडी जशी येते, तसा दर्याही येतो. यंदा तळाला रंग लावताना हातातील डबा होडीपुरता नाही, खाडीपुरताही आहे, एवढे भान प्रत्येक नाखव्याने आणि प्रत्येक खलाशाने ठेवावे. सागरतारा मरियामाता आपल्या सर्व होड्यांना सुखरूप बंदरात आणो, आणि आपल्या खाड्या पुढच्या पिढीसाठी जित्याजागत्या राहोत.